पुस्तकाबाहेरचा घोडा

रविवारच्या अंकातली वधू-वरांची जाहिरातपाने वाचायची मला जुनी खोड आहे. माझ्या स्वतःच्या लग्नाला जमाना लोटला, घरात लग्नाचे कोणी उरलेले नाही. पण चार ओळींच्या जागेत माणसे स्वतःविषयी काय सांगतात आणि काय गाळतात, हे पाहण्यात एक वेगळीच मौज असते. घराणे, उंची, वर्ण, शिक्षण, अपेक्षा! काही काळापूर्वी अशीच एक यादी माझ्या हाती आली. शर्यतींचा शौक असलेल्या एका मित्राच्या टेबलावर गुळगुळीत कागदाची एक परदेशी पुस्तिका पडली होती. तिच्यातही घराणे होते, उंची होती, रंग होता, बापजाद्यांचे पराक्रम होते आणि शेवटी रक्कम होती. फरक इतकाच, की यातली सगळी स्थळे घोडे होती. पैदाशीसाठी देऊ केलेले थरोब्रेड जातीचे नर घोडे. शर्यतीच्या जगात ज्यांना स्टॅलियन म्हणतात ते.

पान उलटावे तसा एकेक घोडा समोर येई. अंगावर तेलासारखी चमक, मान ताठ, चारही पाय दिसतील असा आडवा उभा. खाली पाच पिढ्यांची वंशावळ आणि कोपऱ्यात एका घोडीमागची फी. काही ठिकाणी बारीक अक्षरात एक अट होती : शिंगरू जिवंत जन्मले, आपल्या पायांवर उभे राहिले आणि आईला प्याले, तरच रक्कम देय. माणसांच्या स्थळांच्या यादीत इतकी रोखठोक अट मी कधी वाचलेली नाही.

माझे कुतूहल पाहून मित्र म्हणाला, "चित्रं काय बघतोस? चल, एकदा प्रत्यक्ष दाखवतो." आणि मार्चमधल्या एका सकाळी आम्ही पुण्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका स्टडफार्मवर जाऊन पोहोचलो.

मार्चच का, यालाही कारण आहे. शर्यतीच्या घोड्याचे वय कागदोपत्री १ जानेवारीपासून मोजतात. शिंगरू फेब्रुवारीत जन्मो की मे महिन्यात, येत्या १ जानेवारीला ते एक वर्षाचे ठरते आणि पुढे आपल्या वयाच्या गटात धावते. साहजिकच वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्याला वाढायला चार महिने जास्त मिळतात. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यापासून घोड्या फळवण्याची घाई सुरू होते. निसर्गाचा हिशेब वेगळा. दिवस मोठा होऊ लागला की घोडी माजावर येते. तेव्हा माणसाने तबेल्यात रात्री दिवे लावून तिला लवकर उन्हाळा आल्याचे भासवण्याची युक्ती काढली आहे.

त्या सकाळी मला अपेक्षा होती ती पुस्तिकेतल्यासारख्या एखाद्या राजबिंड्या घोड्याची. तो होताही. विलायतेहून आणलेला, स्वतंत्र तबेला, स्वतंत्र कुरण, दिमतीला दोन माणसे. परंतु सर्वांत आधी बाहेर आणला गेला तो एक बुटका, केसाळ मानेचा, मातकट रंगाचा देशी तट्टू. त्याला एका लाकडी फळीच्या अलीकडे उभे केले आणि पलीकडे एकामागून एक घोड्या आणल्या. एखादी कान पाडून लाथ झाडी, एखादी शांत उभी राही. वहीत नोंद होई. जी राजी आहे असे दिसे, तिला बाजूला घेत. आणि तट्टाला, तो ऐन रंगात आलेला असताना, लगाम ओढून माघारी नेत. इंग्रजीत याला टीझर म्हणतात. घोडी तयार आहे की नाही एवढेच त्याने सांगायचे. शिवाय पहिल्या लाथा खायच्या त्यानेच, कारण कोट्यवधींच्या घोड्याला लाथ बसून चालत नाही.

मी त्याला धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्या मोतद्दाराला विचारले, "बाबा, याचं नाव काय?"

"आमी राजा म्हंतो, साहेब. कागदावर कुटं नाव न्हाई त्याचं," तो म्हणाला आणि तट्टाच्या मानेवर थाप मारत पुढे हसून म्हणाला, "पर ह्यो नसला तर समदा कारभार बंद!"

परतताना गाडीत माझ्या डोक्यात तेच घोळत राहिले. कागदावर नाव नाही. घोड्यांच्या या जगात कागद म्हणजे काय, हे त्यानंतर मी जमेल तसे वाचत गेलो आणि जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले.

हा कागद म्हणजे स्टडबुक. १७९१ मध्ये इंग्लंडात वेदरबी नावाच्या गृहस्थाने जनरल स्टडबुकचा पहिला प्रास्ताविक खंड काढला. आजचा प्रत्येक थरोब्रेड नर बापाकडून मागे मोजत गेले की तीन घोड्यांपैकी एकापाशी पोहोचतो : बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. तिन्ही पूर्वेकडून आलेले. डार्ली अरेबियन १७०४ च्या सुमारास सीरियातल्या अलेप्पोहून इंग्लंडला नेला गेला. ज्या जातीच्या शुद्धतेचा साहेबाला इतका अभिमान, तिचे मूळपुरुष असे परदेशी आणि तिच्या कित्येक मूळ मातांची नीट नावेही कुणी टिपून ठेवलेली नाहीत! परंतु पुस्तक निघाले, आणि हळूहळू त्याचे दार बंद झाले. पुस्तकातल्या आईबापांच्या पोटी जन्मलेला तो थरोब्रेड. बाकीचे कितीही वेगाने धावोत, ते बाहेरचे. भारताच्या स्टडबुकचा कारभार पुण्यातूनच चालतो. शिंगराची नोंद होण्याआधी त्याचे आईबाप डीएनए तपासून खरे केले जातात. आपल्या पंड्यांच्या वह्यांनाही इतकी कडक शिस्त नसेल.

आपल्याकडे पूर्वी घोडा पाहायचा तो त्याच्या अंगावर. भोवरे कुठे आहेत, पंचकल्याणी आहे का, खूर कसे, चाल कशी. त्यात अंधश्रद्धाही भरपूर होती. पण निदान पाहणाऱ्याची नजर घोड्यावर असे. पाश्चात्त्यांनी ती नजर घोड्यावरून उचलून कागदावर नेली. हा कागद निरुपयोगी आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. त्याच्याशिवाय ही जात घडलीच नसती. प्रश्न आहे तो कागदाचे व्यापारात काय होते हा.

नॉर्दर्न डान्सरचे उदाहरण घ्या. १९६१ मध्ये कॅनडात जन्मलेला हा घोडा चणीने लहान होता. एक वर्षाचा असताना त्याला २५ हजार डॉलरला विक्रीस ठेवले, तर कोणी घेतला नाही. शेवटी तो मालकाच्याच रंगांत धावला आणि १९६४ ची केंटकी डर्बी त्याने विक्रमी वेळेत जिंकली. पुढे पैदाशीत तर त्याने इतिहास घडवला. १९८० च्या दशकात त्याच्याकडे एक घोडी नेण्याची किंमत १० लाख डॉलरपर्यंत गेली, आणि तीही शिंगराची कोणतीही हमी न देता. ज्याला २५ हजारांना गिऱ्हाईक नव्हते त्याच्या निव्वळ शक्यतेला दहा लाख!

आता दुसरी बाजू पाहा. २००६ मध्ये फ्लोरिडातल्या लिलावात द ग्रीन मंकी नावाचा दोन वर्षांचा घोडा १ कोटी ६० लाख डॉलरला विकला गेला. त्याच्या वंशावळीत नॉर्दर्न डान्सर होताच. हा घोडा आयुष्यात तीन शर्यती धावला आणि एकही जिंकला नाही. नंतर त्याला पैदाशीला लावले तेव्हा फी ठेवली ५ हजार डॉलर. त्या घोड्याचा यात काय दोष? त्याच्या पाठीवर माणसांनी वंशावळ लादली होती, ती त्याला पेलली नाही.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर शहाणपण सुचावे असे वाटते. पण बाजाराने काढलेला धडा उलटाच आहे. जिंकणाऱ्या घोड्याकडे सगळ्यांनी धाव घ्यायची. त्याच्या मुलांकडे धाव घ्यायची. मग नातवांकडे. नॉर्दर्न डान्सरचा मुलगा सॅडलर्स वेल्स, त्याचा मुलगा गॅलिलिओ, त्याचा मुलगा फ्रँकेल. फ्रँकेलची २०२४ ची फी साडेतीन लाख पौंड होती. आपणही या प्रवाहाबाहेर नाही. हरियाणातल्या उषा स्टडफार्मवर आणलेला रझीन हा नॉर्दर्न डान्सरचाच मुलगा. एप्सम डर्बीत तो चमकला नव्हता, पण भारतात त्याने विजेत्यांची रांग लावली. महालक्ष्मीच्या मैदानावर टाळ्या घेणाऱ्या कित्येक घोड्यांत असे तेच रक्त खेळते आहे.

बरे, पूर्वी याला निदान निसर्गाची मर्यादा होती. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही. घोडा आणि घोडी प्रत्यक्ष एकत्र यावी लागतात, नाहीतर नोंद नाही. एका मोसमात चाळीसेक घोड्या, हा जुना अंदाज. १९८१ मध्ये आगाखानांच्या शेरगर या घोड्याचे भाग विकले गेले तेही चाळीसच होते, प्रत्येकी अडीच लाख पौंडांचे. (पैदाशीचा एकच मोसम झाल्यावर १९८३ च्या फेब्रुवारीत आयर्लंडमधून हा घोडा बंदुकीच्या धाकाने पळवला गेला, तो पुन्हा सापडलाच नाही. नाव फार मोठे झाले की त्याचे असेही होते.) नंतर पशुवैद्यक सुधारले. घोडी नेमकी कधी तयार आहे ते सोनोग्राफीवर दिसू लागले, फेऱ्या वाचल्या आणि चाळीसचे शंभर झाले, शंभराचे दोनशे. उत्तर गोलार्धातला मोसम संपला की घोड्याला विमानात घालून ऑस्ट्रेलियाला नेतात, तिथला मोसम सप्टेंबरात सुरू होतो. म्हणजे एकाच वर्षात एकच घोडा दोन खंडांत बाप होतो आणि त्याच वेळी शेकडो साधारण घोड्यांचे वंश कायमचे थांबतात.

याचा परिणाम काय? डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की आजच्या ९५ टक्के थरोब्रेड नरांचा पितृवंश एकट्या डार्ली अरेबियनकडे जातो. २०२० मध्ये आयर्लंडमधल्याच संशोधकांनी दहा हजारांहून अधिक घोड्यांची जनुके तपासली. गेल्या ४५ वर्षांत जवळच्या नात्यातले प्रजनन वाढत गेले आहे, आणि तपासलेल्या घोड्यांपैकी सुमारे ९७ टक्क्यांच्या पूर्वजांत नॉर्दर्न डान्सर आहे, असे त्यांना आढळले. असे प्रजनन जितके अधिक, तितकी घोडा शर्यतीत उतरण्याची शक्यताच कमी, हेही पुढच्या अभ्यासांतून दिसले. ज्या गुणासाठी जात निर्माण केली त्याच गुणाच्या मुळावर हा अट्टहास उठला आहे.

यावर घोडेवाले एक उत्तर देतात आणि ते ऐकून घेतले पाहिजे. एनेबल ही अलीकडच्या काळातली थोर घोडी. तिने फ्रान्समधली आर्क द ट्रायम्फ ही शर्यत २०१७ आणि २०१८ अशी लागोपाठ दोनदा जिंकली. सॅडलर्स वेल्स हा तिचा आईकडून आजोबा आणि बापाकडून पणजोबा. इतक्या जवळचे नाते असूनही घोडी अलौकिक निघाली! खरे आहे. पण आपण नावे ठेवतो ती जिंकलेल्यांची. त्याच हिशेबाने जन्मलेली, पण तबेल्याबाहेर कधी पडलीच नाहीत अशी शिंगरे कोणत्या पुस्तिकेत छापलेली असतात?

घोड्यांचे समजायला वेळ लागतो, कारण त्यांची संख्या थोडी. गायींचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत जन्मलेला चीफ नावाचा होल्स्टीन वळू दुधासाठी इतका नामांकित ठरला, की त्याला सुमारे १६ हजार मुली झाल्या. आपले शेतकरी ज्यांना एचएफ म्हणतात त्याच या गायी. त्याच्या रक्ताने जगभर दूध वाढले. मात्र त्या रक्तात एक सदोष जनुक दडलेले होते. ते आई आणि बाप अशा दोघांकडून आले की वासरू पोटातच दगावते. हे कळायला जवळजवळ पन्नास वर्षे गेली आणि तोवर जगभरात लाखो गर्भपात होऊन गेले होते. त्या वळूत कोणी खोट काढू शकले नसते. तो उत्तमच होता. एकाच उत्तमावर सगळ्यांनी भार टाकला, चूक ती होती.

आता मला ज्या घोड्यांविषयी विशेष सांगायचे आहे ते दुडक्या चालीचे घोडे. आपल्याकडे टांग्याचा घोडा ज्या चालीने जातो तीच ही चाल. अमेरिकेत आणि युरोपात दोन चाकांच्या हलक्या गाडीला घोडा जुंपून दुडकीच्या शर्यती होतात. घोडा चौखूर उधळला तर त्याला आवरून पुन्हा दुडकीवर आणावे लागते. या जातीचा आद्यपुरुष हॅम्बलटोनियन. १८४९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात, एका लंगड्या घोडीच्या पोटी तो जन्मला. रिझडिक नावाच्या शेतावरच्या नोकराने त्या मायलेकरांना १२५ डॉलरला विकत घेतले. त्याच घोड्याने पुढे १३०० हून अधिक शिंगरांना जन्म दिला, आणि आज अमेरिकेतला जवळजवळ प्रत्येक दुडकी घोडा त्याचे रक्त सांगतो.

पण मला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. १८७९ मध्ये या लोकांनी आपल्या नोंदवहीचा नियम ठरवला, तेव्हा तुझा बाप कोण एवढेच विचारून ते थांबले नाहीत. एक मैल अडीच मिनिटांत दुडकीने काप, तू आमचा, असे त्यांनी म्हटले. या मापावरूनच जातीला स्टँडर्डब्रेड हे नाव पडले. एका वहीत जन्माने प्रवेश, दुसरीत कर्माने. हा फरक केवळ घोड्यांपुरता आहे असे मराठी वाचकाला तरी वाटणार नाही! पुढे यथावकाश तीही वही जन्मावर आली, ही गोष्टही आपल्या ओळखीची आहे. तरीही या मंडळींनी एक शहाणपण टिकवले. त्यांच्याकडे कृत्रिम रेतन चालते, त्यामुळे धोका अधिक होता. तेव्हा २००९ पासून पैदाशीला येणाऱ्या नव्या घोड्यांना अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेने वर्षाला १४० घोड्यांची मर्यादा घातली.

थरोब्रेडवाल्यांनाही हे पटले होते. अमेरिकेच्या जॉकी क्लबने २०२० मध्ये तोच १४० चा नियम जाहीर केला, आणि तो फक्त २०२० व त्यानंतर जन्मलेल्या घोड्यांसाठी होता. पण केंटकीतली तीन बडी स्टडफार्मे कोर्टात गेली, तिथल्या विधिमंडळात हालचाली सुरू झाल्या आणि २०२२ च्या फेब्रुवारीत क्लबने नियम मागे घेतला. आपली मालमत्ता आपण हवी तशी वापरू, हा युक्तिवाद जिंकला. घोडा मालकाचा, हे मान्य. पण जात कोणाची?

आता तुम्ही म्हणाल, श्रीमंतांच्या या खेळाशी आपले देणेघेणे काय? काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणालो असतो. पण २०२४ च्या जानेवारीत एक घटना घडली, आणि तिची जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने नोंदवलेल्या नव्या जातींना दिल्लीत प्रमाणपत्रे दिली गेली, त्यांत भीमथडीचा घोडा होता. आपल्या राज्यगीतात ज्याचे नाव आपण गातो तोच हा. मराठ्यांच्या फौजा ज्याच्या पाठीवर हिंदुस्थानभर फिरल्या, तो संपला असे कित्येकांनी गृहीत धरले होते. संपला नव्हता. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांत धनगरांच्या वाड्यांबरोबर बिऱ्हाड, कोकरे आणि भांडीकुंडी पाठीवर घेऊन तो चालतच होता. त्याचे नाव कोणत्या कागदावर नव्हते, इतकेच. आज त्यांची संख्या पाच हजारांच्या घरात आहे.

कागदावर नाव आले, याचा मला आनंदच आहे. पण भीती वाटते ती इथून पुढची. नाव आले की भाव येतो. भाव आला की वंशावळ छापली जाते. सारंगखेड्याच्या यात्रेत मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांच्या घराण्यांची चर्चा लाखांच्या भाषेत कशी चालते, ते तिथे गेलेल्यांना ठाऊक आहे. उद्या भीमथडीचे दोन-चार देखणे, उंच, चित्रात शोभणारे घोडे नामांकित होतील, सगळे आपापल्या घोड्या त्यांच्याकडेच नेतील आणि धनगराच्या वाड्यावरचा, डोंगरात न थकणारा बुटका घोडा पुन्हा बाहेरचा ठरेल. थरोब्रेडला अरुंद व्हायला तीन शतके लागली. पाच हजारांच्या जातीला तीन पिढ्या पुरतील.

म्हणून आजच, भाव वाढण्याआधी, तीन गोष्टी ठरवायला हव्यात. एक, नोंदवहीचे दार उघडे ठेवावे. १८७९ चा धडा घेऊन कामावर प्रवेश द्यावा : ओझे, चाल, काटकपणा यांची कसोटी जो उतरेल तो आपला. दोन, घोड्यांइतकीच घोड्यांच्या आयांची नोंद व्हावी. शिंगरात आईचा वाटा निम्मा, पण जाहिरातीत मात्र बापाचाच फोटो! तीन, एका घोड्याने वर्षाला किती घोड्या फळवाव्यात याला पहिल्याच दिवशी मर्यादा घालावी. केंटकीचा अनुभव सांगतो, की पैसा गुंतल्यावर ही मर्यादा घालता येत नाही. आणि हे ठरवताना ज्यांनी हा घोडा कागदाविना जगवला, त्या धनगरांना समोर बसवून विचारावे.

त्या स्टडफार्मवर मी पुन्हा गेलो नाही. विलायती घोड्याचे लांबलचक नाव आता आठवत नाही, वंशावळ तर नाहीच. तट्टू मात्र डोळ्यांसमोर आहे. तो भीमथडीचा होता की नव्हता, हे मला सांगता येणार नाही आणि त्याच्या मोतद्दारालाही सांगता आले नसते. त्याची तशी चौकशी कोणी कधी केलीच नव्हती. सकाळचे काम आटोपल्यावर म्हाताऱ्याने त्याच्या तोंडाला चंदीचा तोबरा बांधला आणि त्याच्या पायावरचा लाथेचा ताजा वळ हळदीने चोळत बसला.